डॉ. कमलाबाई सोहोनी

डॉ. कमलाबाई सोहोनी यांचें नांव शहरांतील महाविद्यालयांत शिकलेल्या मंडळींस परिचयाचें आहे. खेड्यांतील मंडळ्यांत मात्र तें फारसें ऐकूं येत नाहीं, आणि ही गोष्ट थोडी चमत्कारिकच म्हटली पाहिजे. कारण ज्या अन्नाच्या अभ्यासांत त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, तें वालाचें, डाळीचें व ताडाच्या रसाचें अन्न शहरापेक्षां खेड्याशींच अधिक निगडित आहे. म्हणून ह्या विदुषीचें चरित्र आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालीं इंदूर येथें भागवत कुळांत झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेहि रसायनशास्त्रज्ञ असून बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंतून बाहेर पडलेल्या अगदीं पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं होते. जमशेटजी टाटा यांच्या देणगीनें उभी राहिलेली ही संस्था, जिला आज भारतीय विज्ञान संस्था म्हणतात, त्या काळीं शास्त्रीय संशोधनाचें मोठें ठिकाण मानली जाई. वडील बहीण दुर्गाबाई भागवत ह्यांनीं पुढें मराठी वाङ्मयांत मोठी कीर्ति मिळविली व १९७५ सालीं कऱ्हाड येथें भरलेल्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. धाकट्या बहिणीनें वडिलांची वाट धरली. १९३३ सालीं रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन त्यांनीं मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. ही पदवी मिळविली, आणि वडील व चुलते जेथें शिकले तेथेंच आपणहि संशोधन करावें ह्या हेतूनें बंगलोरला अर्ज केला.

अर्जाला नकार आला. गुण कमी पडले म्हणून नव्हे. अर्ज करणारी व्यक्ति स्त्री होती, एवढेंच कारण. संस्थेचे संचालक त्या वेळीं सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. प्रकाशाविषयींच्या आपल्या शोधाबद्दल १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनीं हिंदुस्थानचें नांव जगभर केलें होतें. एवढ्या थोर पुरुषानें नाहीं म्हटल्यावर बावीस वर्षांच्या मुलीनें मान खालीं घालून घरीं जावें, असेंच कोणालाहि वाटलें असतें. कमलाबाई गेल्या नाहींत. महात्मा गांधींच्या चळवळीचे ते दिवस होते, आणि अन्यायापुढें हात न उगारतां ठाम कसें उभें राहावें हें त्या पिढीनें पाहिलें होतें. त्यांनीं संचालकांच्या कचेरीबाहेर सत्याग्रह आरंभिला.

अखेरीस प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलें सबंध वर्ष त्यांस नियमित विद्यार्थिनी समजण्यांत येणार नव्हतें. त्या केवळ परीक्षाधीन राहणार होत्या. त्यांच्या कामाचा दर्जा संचालकांच्या मनास येईपर्यंत त्या कामास संस्थेची मान्यता मिळणार नव्हती. आणि त्यांच्या तेथें असण्यानें पुरुष विद्यार्थ्यांचें चित्त विचलित होतां कामा नये, अशी तिसरी अट होती. ही तिसरी अट वाचून मन खिन्न होतें. चित्त ज्याचें विचलित होईल त्यानें तें आवरावें, हा सरळ न्याय झाला. येथें त्याचा भार ज्या मुलीनें कांहींच केलें नव्हतें तिच्या शिरावर ठेवण्यांत आला. आमच्या कित्येक गांवांत सातवीनंतर मुलीची शाळा बंद करतांना वडीलधारी माणसें जें कारण पुढें करतात, तें ह्याहून फारसें निराळें नसतें.

कमलाबाईंनीं तिन्ही अटी पत्करिल्या. अपमान गिळला, पण संधि सोडली नाहीं. त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे गुरु होते, आणि होतकरू शिष्यास मनापासून शिकविणारे होते. त्यांच्या हाताखालीं दूध, डाळी व इतर द्विदल धान्यें ह्यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू झाला. वर्ष संपलें तेव्हां रामन यांची खात्री पटली व पुढील संशोधनाची रीतसर परवानगी मिळाली. १९३६ सालीं कमलाबाईंनीं विशेष प्रावीण्यासह एम्.एस्‌सी. ही पदवी संपादन केली. आणि त्यांचें काम पाहिल्यानंतर संस्थेचे दरवाजे इतर स्त्रियांसहि उघडण्यांत आले. १९४० सालीं अ‍ॅना मणि ह्या तरुणीनें खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेंत काम सुरू केलें, हेंहि न्यायासाठीं येथें नमूद केलें पाहिजे. पण कमलाबाई तो पहिला नकार कधीं विसरल्या नाहींत. रामन मोठे शास्त्रज्ञ होते, तथापि स्त्रियांच्या बाबतींत त्यांची दृष्टि संकुचित होती, असें त्यांनीं उतारवयांत जाहीरपणें बोलून दाखविलें. तें बोलणें कटु वाटेल, पण खोटें होतें असें म्हणतां येणार नाहीं.

प्रथिन म्हणजे काय, हें येथें थोडें समजून घेतल्यावांचून पुढील हकीकत नीट कळावयाची नाहीं. दूध नासलें म्हणजे जो घट्ट भाग पाण्यापासून वेगळा होतो, किंवा अंडें उकडल्यावर जो पांढरा गोळा होतो, तो मुख्यतः प्रथिनांचा असतो. आपलें मांस, कातडी, केस, रक्ताचा लाल रंग, हें सारें प्रथिनांवरच उभारलेलें आहे. कर्ब, हायड्रोजन, प्राणवायु व नत्रवायु हीं मूलद्रव्यें, आणि बहुधा थोडें गंधक, एवढ्या सामग्रींतून प्रथिनें बनतात. कुजलेल्या अंड्यास जी दुर्गंधि येते ती ह्या गंधकामुळेंच. ह्या मूलद्रव्यांचे प्रथम लहान लहान मणी बनतात; त्यांस अमिनो आम्लें म्हणतात. त्यांचे मुख्य प्रकार अवघे वीस. हेच मणी निरनिराळ्या क्रमानें ओंवून शेंकडो मण्यांच्या माळा तयार होतात, आणि प्रत्येक माळ आपल्या ठराविक रीतीनें गुंडाळली जाते. ती एक माळ म्हणजे एक प्रथिन. वीस प्रकारच्या मण्यांतून लाखों तऱ्हेच्या माळा कशा होतात ह्याचें नवल करूं नये; थोड्याशा मुळाक्षरांतून सारी मराठी भाषा होतेच कीं नाहीं?

डाळीची माळ आपल्या शरीराला जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीं. पोटांत ती तोडली जाते, मणी सुटे होतात, आणि शरीर ते घेऊन आपल्याला हव्या त्या माळा नव्यानें ओंवतें. वीसांपैकीं नऊ प्रकारचे मणी मनुष्याच्या शरीराला स्वतः बनवितां येत नाहींत. ते अन्नांतूनच मिळाले पाहिजेत. ज्वारी, बाजरी व तांदूळ ह्यांत ह्या नवांपैकीं लायसीन नांवाचा मणी कमी असतो, तर डाळींत तो भरपूर असतो. उलट डाळींत जो मणी कमी पडतो तो धान्यांत अधिक मिळतो. आमच्या मायबहिणींनीं भाकरीबरोबर आमटी वाढण्याची जी चाल पाडली आहे, तिच्या मुळाशीं किती शहाणपण आहे तें ह्यावरून दिसून येईल. नुसती भाकर व मिरची खाऊन वाढणाऱ्या मुलाचें पोट भरतें, पण अंग भरत नाहीं.

बंगलोरहून कमलाबाई १९३७ सालीं इंग्लंडांतील केंब्रिज येथें गेल्या. तेथें जीवरसायनशास्त्राचे प्रमुख सर फ्रेडरिक गौलंड हॉप्किन्स हे होते. जीवनसत्त्वांविषयींच्या कार्याबद्दल १९२९ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वाटा होता. कमलाबाई न्यूनहॅम ह्या स्त्रियांच्या महाविद्यालयांत दाखल झाल्या. प्रथम डेरेक रिश्टर व नंतर रॉबिन हिल ह्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनीं काम केलें. बंगलोरला वर्षभर ज्यांस परीक्षाधीन ठेविलें होतें, त्यांस येथें सरळ कामाला जागा मिळाली.

हिल यांच्यापाशीं त्यांनीं अभ्यासासाठीं बटाटा घेतला. आमच्या पुणें जिल्ह्यांत सातगांव पठाराकडे बटाटा पिकविणारे जे वाचक आहेत त्यांस ठाऊकच आहे कीं, काढलेला बटाटा मेलेला नसतो. तो कोंदट जागीं रचून ठेविला तर गरम होतो, घामेजतो व कुजूं लागतो. ह्याचें कारण बटाटाहि श्वास घेत असतो. त्याच्या पेशींत अन्नाचें मंद ज्वलन चाललेलें असतें. त्यास ज्वाला नाहीं, धूर नाहीं, पण ऊब आहे. हें ज्वलन एकदम होत नाहीं. घर बांधतांना मजूर रांगेंत उभे राहून घमेलें हातोहात पुढें देतात, तसे विजेचे अतिसूक्ष्म कण अन्नापासून निघून एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे जात जात अखेर प्राणवायूपर्यंत पोहोंचतात, आणि ह्या देवघेवींत जी शक्ति सुटते तिच्यावर पेशी जगते. त्या रांगेंतील एक मजूर म्हणजे सायटोक्रोम सी नांवाचें लहानसें प्रथिन. त्याची माळ सुमारें शंभर मण्यांची असून तिच्या पोटांत लोखंडाचा एक अणु बसविलेला असतो. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्यांतहि लोखंड अशाच तऱ्हेनें बसविलेलें आहे.

प्राण्यांच्या स्नायूंत व यीस्टमध्यें हीं सायटोक्रोमें काय काम करतात हें डेव्हिड केलिन यांनीं केंब्रिज येथेंच १९२५ पासून दाखवून दिलें होतें. वनस्पतींच्या बाबतींत मात्र पुष्कळ गोष्टी संशयित होत्या. कमलाबाईंनीं बटाट्याच्या पेशींवर प्रयोग करून वनस्पतींच्या श्वसनांतहि सायटोक्रोम सी भाग घेतें असें दाखविलें, आणि हिल व त्यांनीं मिळून ह्या विषयावरील टिपण १९३९ सालीं ‘नेचर’ ह्या पत्रांत प्रसिद्ध केलें. तात्पर्य, शेतकऱ्याचा दंड आणि त्यानें खणून काढलेला बटाटा ह्या दोहोंत जीव धरून ठेवणारी यंत्रणा एकाच घडणीची आहे. पीएच.डी. पदवीसाठीं त्यांनीं लिहिलेला प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. ती पदवी त्यांस १९३९ सालीं मिळाली, आणि विज्ञानांत अशी पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्याच सालीं त्या स्वदेशीं परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख, नंतर निलगिरींतील कुन्नूर येथील पोषणसंशोधन शाळेंत सहायक संचालक, अशीं कामें त्यांनीं केलीं. १९४७ सालीं विमागणिताचे जाणकार श्री. सोहोनी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञानसंस्थेंत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत दीर्घ कामगिरी येथून सुरू झाली.

केंब्रिजहून आलेल्या विदुषीला परदेशांत गाजणारा एखादा विषय निवडतां आला असता. कमलाबाईंनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं निवडले वाल आणि तसलींच द्विदल धान्यें. गरिबाला मांस व दूध रोज परवडत नाहीं. त्याचें प्रथिन तें डाळीकडधान्यांतलें. तें त्याच्या अंगीं कितपत लागतें, हा त्यांचा प्रश्न होता. वर सांगितलेंच आहे कीं, पोटांत प्रथिनाची माळ तोडली जाते. हें तोडण्याचें काम पाचकरसांतील एन्झाइमें करतात, आणि तींहि प्रथिनेंच असतात. त्यांपैकीं ट्रिप्सिन नांवाचें एन्झाइम स्वादुपिंडाच्या रसांतून आंतड्यांत येतें व माळ ठराविक मण्यांपाशींच कातरतें. आतां मौज अशी कीं, कच्च्या वालांत व त्यासारख्या दुसऱ्या कित्येक दाण्यांत असें एक द्रव्य असतें कीं, तें ट्रिप्सिनच्या तोंडांत जाऊन घट्ट बसतें. कात्रींत खडा अडकावा तसें होतें. मग दाण्यांत प्रथिन भरपूर असूनहि तें पुरतें पचत नाहीं. १९५०नंतरच्या दशकांत कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी ह्यांनीं भारतीय खाद्यपदार्थांतील ह्या अडथळा करणाऱ्या द्रव्यांविषयीं एकामागून एक निबंध प्रसिद्ध केले.

ह्या द्रव्यांचा बराचसा भाग चांगल्या उष्णतेनें निकामी होतो. वाल भिजत घालणें, मोड आणणें, सोलणें आणि मग पुरते शिजविणें हा जो खटाटोप घरोघर चालतो, तो केवळ चवीसाठीं नाहीं. सरपण वांचविण्यासाठीं कडधान्य अर्धें कच्चें उतरविणाऱ्या घरांत पोरांचीं पोटें वारंवार कां दुखतात, ह्याचा विचार करतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. प्रचारक बंधूंस घरोघर जाण्याचा प्रसंग येतो. उपदेशाच्या अगोदर चुलीवरील भांड्यांत काय आहे हें विचारण्यांत कमीपणा मानूं नये.

दुसरें मोठें काम नीरेचें. राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनीं तें हातीं घेतलें. नीरा आणि ताडी एकच, असा पुष्कळांचा समज असतो, आणि दारूपासून दूर राहणारीं आमचीं माणसें त्यामुळें नीरेकडेहि संशयानें पाहतात. वस्तुतः ताड, माड किंवा शिंदीच्या झाडांतून जो ताजा गोड रस झरतो ती नीरा; तींत साखर असते, मद्य नसतें. हवेंतील यीस्टचे सूक्ष्म जीव तींत शिरले म्हणजे ते साखर फोडून तिचें मद्य करतात, आणि नीरेची ताडी होते. ऊन चढलें म्हणजे हें फार झपाट्यानें घडतें. म्हणून नीरा भल्या पहाटे उतरवितात व मडक्याला आंतून चुना लावतात. कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी ह्यांनीं नीरेंतील जीवनसत्त्वें, लोह व इतर द्रव्यें मोजलीं, आणि त्यांतील पोषक भाग ताडगुळांतहि टिकून राहतो असें दाखविलें. पुढें आदिवासी समाजांतील कृश मुलांस व गरोदर स्त्रियांस नीरा आहारांत देऊन पाहिली, तेव्हां त्यांच्या प्रकृतींत चांगला फरक पडला. ह्या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. झाड फुकट उभें असतें व रस रोज झरतो; तो कोणत्या वेळीं व कसा प्यावा एवढ्यावरच तो पोराला बळ देणार कीं बापाला गटारांत लोळविणार हें ठरतें.

मुंबईच्या संस्थेंतहि त्यांची वाट सरळ नव्हती. योग्यता असून संचालकपद त्यांस कांहीं वर्षें मिळूं दिलें नाहीं. अंतर्गत राजकारण आड आलें. पण अखेर त्या संस्थेच्या संचालक झाल्या. बंगलोरच्या त्या कचेरीबाहेर बसलेली मुलगी आतां अशाच एका संस्थेच्या कचेरीच्या आंत बसली. ह्याच काळांत आरे येथील सरकारी दूध योजनेस दुधाची प्रत सुधारण्याच्या कामीं त्यांनीं सल्ला दिला.

शास्त्रज्ञ वयोवृद्ध झाला म्हणजे बहुधा मानपत्रें घेत बसतो. कमलाबाईंनीं बाजारांतील भेसळीकडे लक्ष वळविलें. १९६६ सालीं मुंबईच्या नऊ स्त्रियांनीं ग्राहकांस मार्गदर्शन करणारी एक संस्था स्थापिली. तिच्या कामांत कमलाबाई हिरिरीनें पडल्या, १९८२-८३ सालीं तिच्या अध्यक्ष झाल्या, आणि तिच्या ‘कीमत’ ह्या पत्रांत ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहीत राहिल्या. प्रयोगशाळेंत ज्या चिकाटीनें वालाचा दाणा तपासला, त्याच चिकाटीनें दुकानांतील माल पारखावा असें त्या गृहिणींस शिकवीत. तरुण विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं मराठींत शास्त्रविषयक पुस्तकेंहि लिहिलीं.

वयाचीं ऐंशीं वर्षें उलटून गेल्यावर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें त्यांस सत्कारासाठीं दिल्लीस बोलाविलें. एवढ्या मोठ्या शास्त्रीय मंडळीसमोर त्यांच्या साऱ्या कार्याचा असा गौरव फार उशिरां होत होता. त्या समारंभांतच त्या कोसळल्या, आणि त्यानंतर लवकरच, १९९८ सालीं, त्यांचें देहावसान झालें.